झावळ्यांच्या रविवारचे फडे

सात रस्ता ज्याने कुणी आखला असेल त्याची माझी एकदा गाठ पडायला हवी होती. एका शहरात सात रस्ते असावेत, माझी काही हरकत नाही. पण ते सगळे एकाच जागी आणून सोडायचे आणि मग माणसाला सांगायचं, आता ओलांड, हा कुठला न्याय? सोलापूरच्या माणसांना त्याचं काही वाटत नाही. ती एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात फोन धरून गप्पा मारत पार होतात. माझीही सगळी नोकरी तो चौक ओलांडण्यात गेली आणि तेव्हा मलाही काही वाटलं नव्हतं.

माझं नाव रत्नमाला, पण त्या नावानं मला फक्त बँकेत बोलावतात. बाकी सगळे सिस्टर म्हणतात. एका खासगी हॉस्पिटलात मी नर्स होते आणि मेट्रन होऊन निवृत्त झाले. माझ्या वॉर्डात डॉक्टरसुद्धा आवाज खाली ठेवून बोलत. ऑपरेशन झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी खाटेवरून उठवायचं आणि चालवायचं, हे माझं खास काम. "उठा. काही होत नाही. पाय टाका," असं मी अख्ख्या जिल्ह्याला दरडावलं असेल. रडणाऱ्याचे डोळे मी पुसायचे, पण त्याला परत आडवं होऊ द्यायचे नाही.

तर अशा बाईला दोन वर्षांपूर्वी सात रस्त्यावर उलट्या बाजूनं आलेल्या मोटरसायकलनं उडवलं. मांडीच्या हाडात सळई घातली. हाड जुळलं, जखम भरली, काठी सुटली. घरात मी नीट चालायला लागले, जिना चढायला लागले. डॉक्टर म्हणाले, आता कुठंही जा. मी गेले ती चौकापर्यंत. तिथं एका बसनं हॉर्न दिला, आणि त्या दिवशी रस्त्यावर आडवं पडून ऐकलेले सगळे हॉर्न एकदम कानात शिरले. माझे पाय जागच्या जागी थिजले. मी घरी परत आले आणि उशीत तोंड खुपसून रडले.

माझं घर चौकाच्या अलीकडे आणि चर्च पलीकडे. चालत गेलं तर चहा निवायच्या आत पोचावं एवढंच अंतर. त्या अंतरासाठी मी रिक्षा करू लागले आणि रिक्षातही डोळे मिटून बसू लागले. चर्चच्या महिला मंडळाला सांगितलं की गुडघा दुखतो. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. पण साऱ्या मंडळाला शिस्त लावणारी बाई रस्त्याला भिते, हे कुणाला सांगायचं? सांगायचं फक्त प्रभूला, आणि त्याला मी रोज सांगत होते. सकाळी ओट्यावर चहाचा कप घेऊन बसायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, प्रभू, मी तिथं पोचेन तेव्हा तेवढा रस्ता रिकामा ठेव. मग उठून चौकापर्यंत जायचं, कडेच्या रसवंतीपाशी उभं राहायचं, रस्ता रिकामा व्हायची वाट बघायची, आणि तो होत नाही म्हणून एक ग्लास रस पिऊन माघारी यायचं. रसवंतीवाल्याला वाटत होतं की सिस्टरना उसाचं व्यसन लागलं.

माझी मुलगी आरोही पुण्याला असते. तिला मात्र गुडघ्याचं सोंग पटलं नाही. या वर्षी फेब्रुवारीत तिनं फोनवर सांगून टाकलं की तिनं आणि जावयानं एक खोली माझ्यासाठी रिकामी केली आहे, पलंग आणलाय, आता सोलापूरचं घर बंद करायचं आणि तिकडं यायचं. खोली चांगली होती, फोटो पाठवला होता तिनं. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसत होती. मी म्हटलं, माझं घर इथं आहे, चर्च इथं आहे, तुझे पप्पा इथल्या मातीत आहेत. तर ती म्हणाली, "आई, ज्या चर्चसाठी तू तिथं राहतेस, तिथं तुला स्वतःच्या पायानं जाता येत नाही. मला इथं झोप लागत नाही."

माझा पारा चढला. पारा चढला की माझ्या तोंडाला लगाम राहत नाही. मी म्हटलं, झावळ्यांच्या रविवारी ये, घरापासून चर्चपर्यंत एकटी चालत येऊन दाखवते. नाही जमलं तर त्याच दिवशी घराला कुलूप लावून तुझ्या गाडीत बसते. ती शांतपणे ठीक आहे म्हणाली. फोन ठेवल्यावर मला घाम फुटला, कारण माझी मुलगी माझ्यावरच गेलेली आहे. शब्द दिला की दिला.

झावळ्यांचा रविवार म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार. प्रभू यरुशलेमात आला तेव्हा लोकांनी झावळ्या घेऊन त्याचा जयजयकार केला, त्याची ती आठवण. आमच्या चर्चमध्ये त्या दिवशी लहानथोर सगळे हातात झावळी घेऊन मिरवणुकीनं निघतात, होसान्ना असा प्रभूचा जयघोष करत सात रस्त्यापर्यंत येतात आणि वळून परत जातात. झावळ्या आणायचं काम माझ्याकडं. त्या येतात सांगोल्याकडून, मायाप्पाच्या ओढ्यातल्या शिंदीच्या झाडांच्या.

मायाप्पा मेंढपाळ. त्याची बायको तानाबाई फार वर्षांपूर्वी अडलेल्या बाळंतपणात माझ्या वॉर्डात आली होती. सबंध रात्र मी तिच्या उशाशी होते. सकाळी बिरुदेव जन्मला. तेव्हापासून मायाप्पा दर वर्षी शिंदीच्या झावळ्यांचा भारा माझ्या दारात टाकतो आणि पैशाचं नाव काढलं की उठून चालू लागतो. त्याचा देव वेगळा, माझा वेगळा, पण तुमच्या देवाच्या कामाला आमची शिंदी लागतीया हे तो गावभर मिरवून सांगतो.

यंदा नेमकं मायाप्पाच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला पट्टी बांधून तो घरात पडलेला. म्हणून झावळ्या घेऊन बिरुदेव टेम्पोतून आला आणि सोबत तानाबाई पहिल्यांदाच आली. रविवारी सकाळी ऊन तापायच्या आत टेम्पो दारात उभा राहिला. आरोही आदल्या दिवशीच आली होती. ती पुढं निघून गेली होती आणि चौकाच्या पलीकडं, चहाच्या टपरीपाशी उभी राहून माझी वाट बघणार होती. मी पांढरी साडी नेसून तयार होते. बिरुदेवानं टेम्पोची ताडपत्री काढली.

आत फडे होते. शिंदीची पानं नीट फाडून, वाळवून, मुठीपाशी सुतळीनं आवळून बांधलेले, अंगण झाडायचे फडे. साठ-सत्तर तरी असतील. झावळी एक नाही.

तानाबाईचा चेहरा फुलला होता. तिनं सगळं सांगितलं. मायाप्पा इतकी वर्षं नुसताच पाला नेऊन टाकतो, याची तिला लाज वाटायची. सिस्टरबाईंच्या देवाच्या कामाला शिंदी लागते, म्हणजे देवळाचं अंगण झाडायलाच लागत असणार, शिंदीचं दुसरं काय होतं? मग शहरातल्या माणसांनी ते बांधत कुठं बसायचं? म्हणून तिनं आणि तिच्या सुनेनं, पूनमनं, सारा आठवडा बसून फडे बांधले होते. मायाप्पाला पट्टीमुळं काही दिसत नव्हतं आणि त्याला विचारायचं या दोघींना सुचलं नव्हतं. तिच्या बोटांना पानांचे काटे लागून बारीक चिरा पडल्या होत्या.

माझ्या तोंडात आलेले शब्द मी तसेच गिळले. ते मला किती जड गेलं हे माझ्या वॉर्डातल्या पोरींना विचारा. मी तानाबाईचे हात हातात घेतले आणि फडे फार सुरेख झालेत म्हणाले. सुरेख होतेच. मग आत जाऊन आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना फोन केला आणि दबक्या आवाजात घोटाळा सांगितला. पलीकडं बराच वेळ काही ऐकू येईना. मला वाटलं, फोन कट झाला. पण पाळकसाहेब हसत होते. हसणं आवरल्यावर म्हणाले, "सिस्टर, शहरात शिरल्यावर प्रभूनं पहिलं मोठं काम कोणतं केलं? मंदिरातला बाजार उठवून ते साफ केलं. फडे पाठवा."

चर्चच्या तरुण संघाची पोरं दोन रिक्षा घेऊन आली आणि फडे घेऊन गेली. मला बसा म्हणाली, मी नाही म्हटलं. बिरुदेवाला टेम्पो घेऊन मार्केट यार्डाला जायचं होतं, तोही गेला. तानाबाई मात्र राहिली. आपल्या फड्यांचं काय करतात ते तिला बघायचं होतं. तिनं दोन फडे काढून घेतले, एक माझ्या हातात दिला, आणि आम्ही दोघी चालत निघालो.

रसवंतीपाशी आलो तेव्हा चौक भरून वाहत होता. रविवार म्हणून काही सूट नाही. बस, टेम्पो, रिक्षा, मोटरसायकलवर चौघं चौघं. पलीकडं टपरीपाशी आरोहीचा निळा कुडता दिसत होता. ती माझ्याकडंच बघत होती आणि तिचे दोन्ही हात तोंडावर होते. माझ्यापेक्षा तीच जास्त घाबरली आहे, हे मला इतक्या लांबूनही कळलं. मला तिची दया आली आणि स्वतःचा राग आला. मी रोजचीच प्रार्थना केली, प्रभू, रस्ता रिकामा कर. रस्ता आणखी भरला.

मग मी तानाबाईचा आधार घ्यायचा विचार केला. म्हटलं, ही बाई मेंढरांचा अख्खा कळप घेऊन हायवे ओलांडते, हिला काय या चौकाचं? हिच्या मागून जावं. पण बघते तर तानाबाई माझ्या दंडाला घट्ट धरून माझ्याच मागं सरकली होती.

"मेंढरं संगं असली की गाड्या थांबत्यात, सिस्टरबाई," ती म्हणाली. "एकल्या बाईला कोण थांबतंय?"

ते वाक्य मला झोंबलं. दोन वर्षं मी जे मनात घोकत होते ते तिनं उघड बोलून टाकलं होतं. मी तिचं मनगट धरलं आणि पाय रस्त्यावर टाकला. धैर्य वगैरे काही नव्हतं, निव्वळ राग होता. रागाच्या भरात आम्ही निम्मं अंतर गेलो. आणि तिथं, बरोबर मधोमध, बसनं हॉर्न दिला.

पाय थिजले. तेच हॉर्न, तेच ऊन, डांबराचा तोच वास. पुढून गाड्या, मागून गाड्या. तानाबाई अंग चोरून मला बिलगली. रस्ता रिकामा कर, रस्ता रिकामा कर, एवढंच माझ्या ओठावर येत राहिलं, आणि रस्ता काही रिकामा होईना.

तेव्हा मला माझ्या बोटांखाली काहीतरी धडधडतंय असं जाणवलं. मी तानाबाईचं मनगट धरलं होतं, आणि जन्माच्या सवयीनं माझी बोटं तिच्या नाडीवर पडली होती. नाडी भरधाव पळत होती. मला त्या बाळंतपणाची आठवण झाली. तेव्हाही तिची नाडी अशीच पळत होती आणि मी अशीच धरून बसले होते. तिच्या कळा मी थांबवल्या नव्हत्या, ते माझ्या हातात नव्हतं. मी फक्त हात सोडला नव्हता. आणि हात सोडला नाही एवढ्यावर ती बाई अख्खी रात्र तरून गेली होती.

माझ्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. दोन वर्षं मी प्रभूकडं रस्ता रिकामा मागत होते, आणि तो मला काय देत होता ते मी बघितलंच नव्हतं. मी त्या दिवशी या डांबरावर पडले तेव्हाही त्याची बोटं माझ्या नाडीवर होती. सळई घातली तेव्हा होती. रोज सकाळी रसवंतीपाशी उभी राहत होते तेव्हाही होती. आवाजाच्या भीतीनं मला स्पर्श कळेनासा झाला होता, इतकंच. त्यानं गाड्या थांबवल्या नव्हत्या. त्यानं हात सोडला नव्हता.

छातीतली धडधड खाली बसली. हॉर्न वाजतच होते, पण ते आता नुसते हॉर्न होते. मला इतकं शांत वाटलं की त्या गर्दीत मी तानाबाईची नाडी उतरेपर्यंत थांबले. मग तिला म्हणाले, "उठा. काही होत नाही. पाय टाका." ती उभीच होती, तरी सवयीनं उठा म्हणाले.

आणि मी उजव्या हातातला फडा वर केला. अगदी सरळ, डोक्याच्या वर. बसवाल्यानं करकचून ब्रेक मारला. त्याच्या मागचा टेम्पो थांबला, रिक्षा थांबल्या. त्यांना माझ्यात देवाचं तेज दिसलं असं मी म्हणणार नाही. पांढऱ्या साडीतली म्हातारी फडा उगारून येते आहे, ही आता मारणार, असंच त्यांना वाटलं असावं. मला चालण्यासारखं होतं. मी मेट्रनच्या चालीनं, कुणाकडं न बघता, तानाबाईला घेऊन सात रस्ता ओलांडला.

पलीकडच्या रस्त्यानं तेवढ्यात मिरवणूक येऊन पोचली होती. पुढं पाळकसाहेब झगा घालून, मागं शब्बाथ शाळेची, म्हणजे रविवारच्या शाळेची, पोरं, तरुण संघ, महिला मंडळ, आणि प्रत्येकाच्या हातात उंच धरलेला एकेक फडा. होसान्नाचा असा काही गजर चालला होता की वरच्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या. एक दुकानदार पाळकसाहेबांना विचारत होता की मोर्चा कुठल्या पक्षाचा, उमेदवार कोण. तानाबाईनं ते सगळे आपले फडे बघितले, आपल्या हातांनी बांधलेले, देवाच्या नावानं आभाळाकडं धरलेले, आणि ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. हसता हसता रडू लागली. मायाप्पाला आता काय सांगू, असं म्हणत होती.

आरोही धावत आली आणि तिनं मला मिठी मारली. माझ्या खांद्यावर तिचे अश्रू पडत होते आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. मग तिनं नाक पुसलं, तानाबाईकडं बघितलं, आणि माझीच लेक ती, तिला राहवेना.

"पण एकटी कुठं आलीस?" ती म्हणाली.

ती थट्टेनं म्हणाली होती, मला ठाऊक आहे. पण शब्द म्हणजे शब्द. मी एकटी येऊन दाखवते म्हटलं होतं आणि तानाबाईचा हात धरून आले होते. मी तानाबाईला तिच्या हवाली केलं, फडा बगलेत मारला आणि वळले. आई, आई, म्हणत ती हाका मारत राहिली. मी तोच रस्ता ओलांडून अलीकडं आले. रसवंतीवाल्यानं माझ्याकडं बघून सवयीनं ग्लास उचलला. मी त्याला नको म्हटलं, आज वेळ नाही.

मग मी परत पलीकडं निघाले. आता हात धरायला कुणी नव्हतं, आणि गाड्या होत्या तेवढ्याच होत्या. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, एका रिक्षाला जाऊ दिलं, एका मोटरसायकलवाल्याकडं असं बघितलं की तो आपोआप हळू झाला. मधोमध आले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी भ्यायचं विसरले आहे. आरोहीला काय काय बोलायचं, त्याचीच मनात जुळवाजुळव चालली होती. त्या पलंगाचं आता काय करायचं, तो दुकानदार परत घेईल का, आणि ईस्टरला जावयाला घेऊन इकडंच या, असं सगळं.

मी पोचले तेव्हा मिरवणूक थांबून माझ्याकडं बघत होती. महिला मंडळातल्या एकीनं विचारलं, सिस्टर, गुडघा कसा आहे? मी म्हटलं, गुडघ्याला कधी काही झालंच नव्हतं. मला भीती वाटत होती, आता वाटत नाही. मग पाळकसाहेबांनी पुन्हा होसान्ना सुरू केलं आणि सगळे फडे पुन्हा वर गेले.

आरोही माझ्या शेजारून चालू लागली. तिचा हात माझ्या कोपरापाशी आला, मला धरायला, आणि तिथंच थबकला. मग तिनं तो मागं घेतला.

"आता आलीस एकटी," ती म्हणाली.

"एकटी नव्हते गं," मी म्हटलं. "तीच तर गंमत आहे."